मुक्कामाचा दर

मांजराला इंजेक्शन द्यायचं ते त्याचं तोंड बशीत असताना. मानेमागची सैल कातडी चिमटीत उचलायची, सुई आडवी धरायची आणि आपण काही विशेष करत नाही असा चेहरा ठेवायचा. मांजरं हाताकडे बघत नाहीत, चेहऱ्याकडे बघतात.

•

पोपटाच्या पिंजऱ्याला चिकटवलेली चिठ्ठी: याच्यासमोर फोनवर भांडू नये. पाठ करतो.

•

रात्र दुधापेक्षा लवकर नासते. आज रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही.

•

दोन सुटकेसी, टेबलफॅन, इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा, पाण्याचे तीन जुने मीटर, शिवणयंत्राचं झाकण, काढून ठेवलेले पडदे. एका मोठ्या पलंगावर हे सगळं मावतं आणि तरी उशाकडे जागा उरते. ती वर्तमानपत्रांनी भरता येते.

•

दुसऱ्याच्या घरात दिव्याचं बटण आपण हात नेतो तिथे कधीच नसतं.

•

काकांना स्वतःच्या घरात झोप लागत नव्हती. दुसऱ्यांच्या घरात लागायची.

हे त्यांना योगायोगाने कळलं. पाणीखात्यात मीटर दुरुस्त करण्यात त्यांची उभी हयात सरली, निवृत्तीनंतर दोन वर्षांत काकू गेल्या, आणि तेव्हापासून स्वतःच्या घरात त्यांच्या डोळ्याला डोळा लागेना. कुणी विचारलं तर म्हणायचे, वयाने कमी होते हो झोप. मग एकदा वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर दारात आले. बायकोसकट बाहेरगावी जायचं होतं, आणि त्यांचा म्हातारा कुत्रा एकटा राहिला की दार खरवडून रडायचा. कुत्र्याला घरात साहेब म्हणायचे.

"काका, एक रात्र थांबाल का साहेबांजवळ?"

काका थांबले. सोफ्यावर बसले, टीव्ही लावला, साहेबांनी त्यांच्या पावलावर हनुवटी टेकवली. काकांनी डोळे उघडले तेव्हा टीव्हीच्या काचेवर ऊन होतं आणि साहेब तोंडात पट्टा घेऊन वाट बघत उभे होते. काकांना आधी काय झालं ते समजेना. मग लक्षात आलं, आपण झोपलो होतो.

डॉक्टरांनी सगळ्यांना सांगितलं: काका म्हणजे सोनं आहेत, घर जसंच्या तसं, कुत्रा खूश. हळूहळू कामं येत गेली. पोपट, ज्याला मालक वकील म्हणत. एका एअरहोस्टेसची मांजर, नाव बटण, जिला साखरेचा आजार होता आणि सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन लागायचं. काकांनी किल्ल्यांना रंगीत दोरे बांधले, एक लहान उशी घेतली आणि आठवड्यातल्या पाच रात्री ते माणसांसारखे झोपू लागले. या कामाला ते मुक्काम म्हणायचे. दिवसा नुसतं जाऊन खायला घालून यायचं ती फेरी.

दर कुणी विचारला की म्हणायचे, "द्या काय द्यायचं ते." शेवटी लोकांनीच ठरवला: फेरीचे शंभर, मुक्कामाचे दोनशे.

•

"बाबा, दोनशे? अख्ख्या रात्रीचे?"

"आणि चहा. चहा असतो त्यांच्याकडे."

"तुम्ही धंदा काढलाय की धर्मशाळा?"

"धर्मशाळेत लोक झोपायला येतात. इथे मी जातो."

लेक हसली, पण तिने लॅपटॉप उघडला. ती एका मोठ्या हॉटेलात खोल्यांचे दर ठरवायची. कुठल्या दिवशी कुठली खोली कितीला विकायची, कधी चढवायचा, कधी उतरवायचा, हेच तिचं काम. रात्र नासते हे वाक्य तिचं. सुट्टीच्या दिवशी ती बापाकडे यायची, फ्रिज उघडून बघायची, आणि आज तिला टेबलावर किल्ल्यांची टोपली दिसली होती.

"संध्याकाळी सातला जाता, सकाळी सातला निघता. बारा तास. दोनशे भागिले बारा करा बघू."

"झोपलेल्या तासांचे कसले पैसे घ्यायचे गं?"

"तेच तर चुकतंय तुमचं! तुम्ही तिथे झोपता म्हणजे इथे झोपत नाही. स्वतःचं अंथरूण सोडून माणूस दुसरीकडे पाठ टेकतो, त्याचे पैसे असतात. आमच्याकडे रात्रपाळीच्या माणसाला भत्ता मिळतो वेगळा. आणि उद्या रात्री त्या मांजराला काही झालं, तर धावाधाव कुणाची?"

"माझी."

"मग?"

"मग काय. धावेन."

"बाबा, आरशात बघा एकदा. धावेन म्हणे." तिने चष्मा डोक्यावर चढवला. तिची आई भाजीवाल्याशी बोलताना असाच चढवायची. "लोक सरळ फायदा घेतायत तुमचा. तो दातांचा डॉक्टर एक दाढ काढायचे किती घेतो माहितीये? आणि आठवड्यातून पाच रात्री! आई असती तर जाऊ दिलं असतं का तिने?"

"आई असती तर मी गेलोच नसतो."

लेकीचे हात थांबले. तिने उठून त्यांच्या खांद्यावर थोपटलं. तिला वाटलं, बाबांना एकटं वाटतं. ते खरंच होतं, पण नडत होतं ते वेगळंच.

काकांच्या मनात आलं, सांगून टाकावं. मला या घरात झोप येत नाही, एवढंच तर म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर संध्याकाळच्या आत तिने त्यांची बॅग भरली असती. तिचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत तिच्या सासूबाई झोपायच्या, आतल्या खोलीत ही दोघं, आणि जावई इतके सज्जन की स्वयंपाकघरात सतरंजी टाकून हसत हसत झोपले असते. काकांनी त्या ओट्याखाली झोपलेल्या जावयाचे पाय डोळ्यांसमोर आणले आणि म्हणाले, "कर तुला पटेल ते."

"फेरी दीडशे. आणि मुक्काम आठशे."

"आठशे? कोण देणार?"

"ज्याला खरी गरज आहे तो देईल. ज्याला नाही तो फेऱ्या घेईल. दर असाच लावायचा असतो, बाबा. जे काम आपल्याला नको ते महाग करायचं."

•

नमस्कार. येत्या महिन्यापासून फेरी (अर्धा तास) दीडशे, मुक्काम आठशे. दुसऱ्या प्राण्याचे निम्मे. औषध-इंजेक्शन असल्यास फेरीमागे वीस जास्त. आजवर दिलेल्या लोभाबद्दल आभारी आहोत.

"लोभाबद्दल काय," काका म्हणाले, "लोभ तर आपला दिसतोय."

"बाबा, मेसेज पाठवलासुद्धा."

•

अगदी रास्त दर. खरं तर आम्हालाच लाज वाटत होती. मग साहेबांसाठी रात्री नऊला एक आणि सकाळी सहाला एक अशा दोन फेऱ्या करू या का? तुम्हालाही घरी झोपता येईल.

•

काका, वकिलाला अंधार पडल्यावर काही कळत नाही, पिंजऱ्यावर कापड टाकलं की झालं. आम्ही उगाच तुमची झोपमोड करत होतो. फेरी पुरे.

•

नवे दर छान! बटणची साखर आता ताब्यात आहे, डॉक्टर म्हणाले रात्रभर माणूस लागणार नाही. दोन वेळच्या इंजेक्शनला दोन फेऱ्या. माझ्याही मनात होतंच, तुम्ही किती दिवस सोफ्यावर अवघडून झोपणार.

•

त्या महिन्यात कमाई दीडपट झाली.

•

"पाहिलंत?" लेक फोनवर म्हणाली. तिच्यामागे कुणीतरी चाकांची बॅग ओढत होतं. "पैसे जास्त, कष्ट निम्मे, आणि रात्र तुमची."

"हो. रात्र माझी."

"झोपा आता मस्त."

"मी काय म्हणतो, तुमच्या हॉटेलात सगळ्यात स्वस्त खोली कितीला पडते गं?"

"का? कुणी यायचंय?"

"आहे एक जण. साधा माणूस आहे. खिडकी नसली तरी चालेल."

"बिनखिडकीची खोली नसते आमच्याकडे, बाबा, ते गोदाम." ती हसली आणि तिने आकडा सांगितला. काकांनी तो फेऱ्यांमध्ये मोजला. एका रात्रीला सव्वीस फेऱ्या होत होत्या.

"तुझ्या वडिलांची ओळख म्हणून काही कमी?"

"किती रात्री पाहिजेत त्यांना?"

"ते काही बोलले नाहीत," काका म्हणाले. "राहू दे. बघतील ते त्यांचं."

•

फेरी म्हणजे अर्धा तास. दार उघडायचं, पाणी बदलायचं, वाटी धुवायची, मांजराची वाळू चाळायची, फोटो काढून मालकाला पाठवायचा. हे सगळं वीस मिनिटांत होतं. उरलेल्या दहा मिनिटांत काका सोफ्यावर बसायचे. बसलं की मान जड व्हायची, आणि मान जड झाली की ते घाईने उठायचे, कारण फेरीच्या दरात सोफा धरलेला नव्हता. दुसऱ्याची वस्तू पैसे न देता वापरल्यासारखं वाटायचं. मुक्कामाला असताना तसं कधी वाटलं नव्हतं.

दुपारी ते वाचनालयात जाऊन बसायचे. तिथला शिपाई टेबलावर बोट वाजवून म्हणायचा, "काका, वाचा की." बागेतल्या बाकाला मध्ये लोखंडी दांडा होता. बसमध्ये डोळा लागायचा थोडा, पण बसचा शेवटचा थांबा यायचाच.

पाचव्या आठवड्यात, एका संध्याकाळी, ते बटणच्या स्वयंपाकघरात उभे होते. हातात भरलेली सिरिंज होती. बशी रिकामी होती. मांजर खिडकीत बसून पंजा चाटत होती.

इंजेक्शन द्यायचं होतं की देऊन झालं होतं? ही सिरिंज पहिली की दुसऱ्यांदा भरलेली?

त्यांना आठवेना. बशी आपण भरली हे आठवत होतं, मानेची कातडी चिमटीत धरल्यासारखं बोटांना वाटत होतं, पण ते आजचं होतं की सकाळचं की कालचं? एक डोस चुकला तर मांजराला एवढं काही होत नाही. दोनदा गेला तर ती तासाभरात लुळी पडते, हे डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून बजावलं होतं. काकांनी सिरिंज बेसिनमध्ये रिकामी केली आणि मांजराजवळ जमिनीवर बसले. ती हलली की तिच्याबरोबर सरकायचे. ती झोपली तर हात लावून उठवायचे. अर्ध्या तासाच्या फेरीला ते त्या दिवशी तीन तास थांबले, आणि पूर्ण वेळ जागे राहिले. बटणला काही झालं नाही. ती फक्त वैतागली.

दार लावून ते जिना उतरायला लागले. काम सुटलं तर ही घरंही जातील. काम ठेवायचं तर झोप पाहिजे, आणि झोप त्या सोफ्यावर होती. हिशेब अगदी सरळ होता. त्यांनी तिथेच पायरीवर बसून फोन लावला.

•

"ताई, बटण छान आहे. मी काय म्हणत होतो, रात्रीचा मी थांबत जाईन तिच्याजवळ. पूर्वीसारखा."

"अहो पण काका, डॉक्टर म्हणाले ना गरज नाही."

"गरज नाही तरी. पैसे फेरीचेच द्या."

"असं कसं? तुमच्या मुलीने तर—"

"मुलीला नका कळवू."

ती पुन्हा "अहो पण" एवढंच म्हणाली. काकांना वाटलं, अजून जास्त होतायत.

"बरं, शंभर द्या."

"काका, प्रश्न पैशांचा नाहीये."

"मग काहीच देऊ नका. तसाच थांबतो."

"फुकट?"

"हो."

"फुकट का थांबाल तुम्ही?"

"असंच. तुमचा सोफा चांगला आहे."

जन्मभर काकांनी बाजारात हेच पाहिलं होतं की दर उतरला की गिऱ्हाईक जवळ येतं. शून्यावर आल्यावर ते घाबरून मागे सरकतं, हे त्यांना माहीत नव्हतं. मग ती बोलली, आणि तिचा आवाज विमानात सूचना देतात तसा झाला होता, गोड आणि लांबचा.

"काका, मी एकटी राहते. तुम्ही समजून घ्याल. किल्ली मुलीकडे देऊन ठेवाल का प्लीज? उद्यापासून मी दुसरी सोय बघते."

"फेरीसुद्धा नको?"

"थँक यू काका. खूप केलंत तुम्ही."

•

लेक दुसऱ्या दिवशी दुपारी आली ती हॉटेलच्या गणवेशातच. पहाटेची पाळी करून थेट आली होती. चप्पल काढायच्या आधी तिने हात पुढे केला. काकांनी टोपलीतली पिवळ्या दोऱ्याची किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"मुलीला कळवू नका म्हणालात?"

"म्हणालो."

"फुकट थांबतो म्हणालात?"

"आधी दीडशे म्हणालो होतो."

"बाबा!" ती ओरडली आणि शेजारच्या दाराकडे बघून आवाज खाली आणला. "तिला काय वाटलं असेल, कळतंय का? तुमच्या वयाचा माणूस एकट्या बाईला फोन करून म्हणतो, मी रात्री येतो, पैसे नकोत, कुणाला सांगू नका. ती रडत होती फोनवर. मला म्हणाली, काका असे नाहीयेत माहितीये मला, पण भीती वाटते. मी काय सांगू तिला?"

काकांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले. "अगं, पण ती नसतानाच थांबतो ना मी तिथे."

"तेच तिला कळेना! ती नसताना तुम्हाला तिच्या घरात करायचंय काय?"

"झोपायचंय."

"घर नाही का तुम्हाला?"

लेक तशीच तावातावाने आतल्या खोलीकडे गेली, पाणी तोंडावर मारायला, आणि तिने ते दार उघडलं. आई गेल्यापासून ते दार लोटलेलं असायचं. तिला वाटायचं, बाबांना पसारा दाखवायला आवडत नसेल.

पलंगावर उशापर्यंत सामान रचलेलं होतं.

"हे किती दिवसांपासून आहे?"

"सामान ठेवायला जागा नाही कुठे."

"बाबा, तुम्ही कुठे झोपता?"

काकांनी स्वयंपाकघरातल्या खुर्चीकडे बघितलं. तिच्या पाठीला ती लहान उशी दोरीने बांधलेली होती.

"झोप लागते?"

"लागत होती की," काका म्हणाले. "काम होतं तोवर चांगली लागत होती. साहेबांकडे तर फार छान."

लेक पलंगाच्या कडेला बसायला गेली, पण बसायला जागाच नव्हती. ती सुटकेसवर बसली. तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मी आठशे केला," ती म्हणाली. "मीच केला ना आठशे."

"रास्त होता. सगळे म्हणाले."

"मला एकदा सांगता आलं नाही?"

"तुला तरी काय सांगायचं. आधीच जावयाला पाठीचा त्रास."

"त्याच्या पाठीचा काय संबंध?" तिने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला सतरंजी, ओटा, सगळं दिसलं. ती नाक पुसत उठली. "आज मी थांबते इथे."

"मुक्कामाला? परवडायची नाहीस तू मला."

ती हसली. हसू अर्ध्यावर गेलं आणि तिथून ते भलतीकडेच वळलं. काका जवळ जाऊन नुसते उभे राहिले. तिने आईचा पदर धरावा तशी त्यांची बाही धरली आणि मग सोडून दिली.

नंतर तिने पलंग रिकामा केला. एका वेळी एकच वस्तू उचलायची, भिंतीशी नेऊन ठेवायची. काका मदतीला आले नाहीत. मीटर तेवढे त्यांनी दारातून हात लांब करून घेतले. तिने कपाटातून चादर काढली, झटकली, कोपरे दाबले. खिडकी उघडली. बाहेर भर दुपार होती, खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती गणवेशातच पलंगावर पडली, भिंतीकडच्या बाजूला, आणि आपल्या शेजारची जागा तिने हाताने थोपटली. लहान मुलाला बोलवावं तशी.

"या. पडा इथे. मी आहे ना."

"येतो. तू पड."

"उगाच येतो म्हणू नका, या."

"येतो म्हटलं ना."

ती पहाटे तीनपासून उठलेली होती. दोनदा "बाबा" म्हणाली. दुसऱ्या वेळचं "बाबा" अर्धंच राहिलं. तोंड थोडं उघडं, एक हात अजून त्या रिकाम्या जागेवर, बोटं सैल. स्कूटर सुरू होऊन निघून गेली. खोलीत काहीच आवाज उरला नाही.

काका दोन पावलं आत आले. मग आणखी एक. वाकले. तिच्या गणवेशावर छातीशी नावाची पट्टी होती, तिच्यावर खिडकीतला उजेड पडला होता. तो उजेड थोडा वर सरकला, थांबला, पुन्हा खाली आला. काका त्या पट्टीकडे बघत उभे राहिले. उजेड थांबला की तेही श्वास धरायचे. तासभर ते बसले नाहीत, आणि पलंगाला त्यांनी हात लावला नाही.

काकू त्या पलंगावर पहाटे झोपेतच गेल्या होत्या, आणि त्या दिवशी काका त्यांच्या शेजारून उशिरा उठले, आज फार छान झोप लागली असं मोठ्याने म्हणाले, आणि दोघांचा चहा टाकला.